काळविटाची बाजू

आप्पासाहेबांना वादात हरवणारा माणूस बोरटेकात अजून जन्माला यायचा होता. आणि गंमत अशी, की ते कोणाच्या बाजूने बोलतात याचा त्यांच्या जिंकण्याशी काडीचाही संबंध नसे. एकदा छगनच्या बांधाचं भांडण लागलं. आप्पासाहेबांनी छगनची बाजू अशी काही मांडली, की समोरच्याने निमूटपणे हातभर जमीन सोडून दिली. पुढच्याच महिन्यात तो समोरचा आप्पासाहेबांकडे आला, चहा प्याला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि आप्पासाहेबांनी तीच हातभर जमीन छगनकडून त्याला परत मिळवून दिली. दोन्ही वेळा भाषण इतकं रंगलं की छगनने दोन्ही वेळा मान डोलावली. असा माणूस सरपंच न होता तर दुसरं काय होणार होता?

या माणसाची भावजय म्हणून बनुबाईने चाळीस वर्षं काढली होती. एवढ्या वर्षांत ती एकच गोष्ट शिकली होती, की भावजींशी वाद घालायचा नाही. ते म्हणाले दिवस आहे, तर पदर डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि ऊन फार झालं म्हणायचं. पण यंदा माघ महिन्यात अशी वेळ आली की गप्प बसणं तिला परवडेना.

कारण होतं दगडी डोण. बोरटेक हे मिरजगावापासून आठ-नऊ किलोमीटर आत, माळाच्या कडेला. गावाबाहेर या भावकीची वस्ती, तिथे दोनच घरं. एक बनुबाईचं, दोन खोल्या आणि पुढे ओटा. दुसरं आप्पासाहेबांचं, दोन वर्षांपूर्वी बांधलेला स्लॅबचा बंगला. मधल्या अंगणात सामाईक विहीर, आणि विहिरीला खेटून जनावरांना पाणी पिण्यासाठी एकाच दगडात कोरलेली डोण. मोटेच्या काळी आजेसासऱ्याने ती करून घेतली होती. पुढे मोट गेली, बैल गेले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. वाटणीच्या कागदावर विहीर आली, चिंच आली, मोडकं कडबा-कुट्टीचं यंत्रसुद्धा आलं, पण डोण लिहायचं कोणाला सुचलंच नाही. त्यामुळे कागदोपत्री ती कोणाचीच नव्हती, आणि बनुबाई रोज दुपारी पाच-सहा बादल्या ओतून ती भरत होती.

अशात आप्पासाहेबांनी गाडी घेतली. चांगली लांबलचक, पांढरी. अंगणात ती वळवायची म्हणजे डोण आडवी यायची आणि सरपंचांना पाच वेळा पुढे-मागे करावं लागायचं. पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नव्हतं. तेव्हा ठरलं, की सोमवारी जेसीबी येणार, डोण फोडून जागा सपाट होणार आणि सगळ्या अंगणाला भिंत घालून लोखंडी फाटक बसणार.

बनुबाईने भीत भीत विचारलं, डोण राहिली तर नाही का चालणार? आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे तीन मुद्दे मांडले. एक, गाडीच्या वाटेत दगड येतो. दोन, बैल राहिले नाहीत तर डोण कोणासाठी? आणि तीन, हरणांची काळजी घ्यायला वनखातं आहे, त्यांना त्याचा पगार मिळतो. बोलून ते आंघोळीला गेले. बनुबाईला तिन्ही मुद्द्यांची उत्तरं येत होती, पण ती तिला चूल पेटवताना सुचली.

तिचं दुखणं हरणांपाशीच होतं. माळावरचा कळप तिच्या हरभऱ्यात घुसायचा, आणि रोज सकाळी बनुबाई बांधावर उभी राहून त्यांचा उद्धार करायची. तिच्या शिव्या इतक्या नामी असत की रस्त्याने जाणारा सायकल थांबवून ऐके. सगळ्या गावाला ठाऊक होतं की हरणांची तिच्याएवढी वैरीण तालुक्यात नाही. गावाला जे ठाऊक नव्हतं ते असं, की दिवस मावळायच्या सुमाराला हीच बाई ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायची. हलायची नाही, खोकायचीसुद्धा नाही. मग तोच कळप माळावरून उतरायचा, डोणीला तोंड लावायचा आणि पाणी पिऊन निघून जायचा. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगा राम नगरला सावेडीत फ्लॅट घेऊन राहत होता आणि दर रविवारी फोनवर, तू इकडेच ये, म्हणत होता. दिवसभर कामाच्या धबडग्यात तिला काही वाटत नसे. सांज झाली की मात्र रिकाम्या ओट्याची भीती वाटे, आणि ती भीती हरणं आली की जाई. आता रोज सकाळी एवढ्या शिव्या घालणारी म्हातारी हरभरा खाणाऱ्या हरणांची वाट बघते, हे कोणाला सांगणार? लोक हसले असते. तिला स्वतःलाही त्याची लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात संस्कृती येऊन थडकली. ही पुण्याची पोरगी, डोळ्यांवर गोल चष्मा, पाठीवर तिच्यापेक्षा जड पिशवी. वर्षभर ती माळावर कॅमेरा घेऊन हरणांच्या मागे फिरत होती आणि चहाला बनुबाईच्या ओट्यावर येत होती. आता तिचा माहितीपट तयार झाला होता आणि तो तिला आधी गावाला दाखवायचा होता. नुसता दाखवायचा नव्हे, त्यावर संवाद घडवायचा होता. माणसाने निसर्गाशी असलेल्या आपल्या नात्याचा पुन्हा विचार केला पाहिजे, निसर्गाचं ऐकायला शिकलं पाहिजे, असं ती फार मनापासून म्हणाली.

"आमच्यात सख्ख्या भावाचं कुनी ऐकत न्हाई," बनुबाई म्हणाली, "निसर्गाचा नंबर कवा लागायचा?"

संस्कृतीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

परवानगीसाठी ती सरपंचांकडे गेली तेव्हा आप्पासाहेब नाही म्हणायच्या बेतात होते. पण शेजारी ग्रामसेवक कल्याण बसला होता आणि त्याचे डोळे लकाकले. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली होती. दवंडी दिली, मोबाईलवर निरोप टाकले, तरी अठरा माणसं आली आणि त्यातली चार चुकून आली होती. वरून विचारणा सुरू झाली होती. सिनेमा म्हटल्यावर माणसं येणार, हे कल्याणने ओळखलं. रविवारी दुपारी समाजमंदिरात सिनेमा, तिथेच ग्रामसभा, दारातच हजेरीच्या सह्या, आणि जे काही बोलणं होईल ते इतिवृत्तात. आप्पासाहेबांनी लगेच होकार दिला. वर, ही कल्पना माझीच होती, असंही ते संध्याकाळपर्यंत सांगू लागले.

रविवारी सकाळी संस्कृती बनुबाईच्या ओट्यावर चिठ्ठ्या करत बसली होती. सिनेमा संपला की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जे नाव निघेल त्याच्या वतीने बोलायचं, असा तिचा खेळ होता. लिंब, गांडूळ, चिमणी, ओढा, काळवीट. बनुबाई चौथी शिकलेली होती. ती चिठ्ठ्यांच्या घड्या घालू लागली आणि सहज विचारावं तसं तिने विचारलं, की यात माणसाची चिठ्ठी कुठे आहे? संस्कृती म्हणाली, माणूस तर एरवी बोलतच असतो, आज त्याने गप्प बसायचं. बनुबाईने मान हलवली. म्हणाली, बाई, समोर भांडायला कोणी नसेल तर आमच्या गावात कोणी तोंड उघडत नाही. संस्कृतीला ते पटलं. तिने एका कागदावर 'माणूस' लिहिलं. ती चिठ्ठी बनुबाईने टोपलीत टाकली नाही, कनवटीला खोचली.

मग तिने आणखी एक काम केलं. संस्कृतीच्या सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या होत्या. रामच्या मुलीने सुट्टीत येऊन ठेवलेला एक गुलाबी कागद घरात पडला होता. बनुबाईने त्यावर आपल्या वळणदार अक्षरात 'काळवीट' लिहिलं आणि पांढरी चिठ्ठी काढून ती गुलाबी टोपलीत ठेवली. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना पत्रावळ आली की आप्पासाहेबांना ताट लागायचं, आणि सगळ्यांना ताट आलं की ते पत्रावळ मागायचे. टोपलीत एकच गुलाबी चिठ्ठी असेल तर ती कोण उचलणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी समाजमंदिर खच्चून भरलं. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला होता. दर पाच मिनिटांनी कोणीतरी तंबाखू थुंकायला ताडपत्री उचलायचा आणि पडद्यावर ऊन पडायचं. सुरुवातीला बराच वेळ नुसतं गवत हललं. मागून कोणीतरी विचारलं, लाईट गेली का? मग एक काळवीट आलं, मान उंच करून उभं राहिलं. संस्कृतीच्या आवाजात पडद्यामागून काहीतरी फार सुंदर आणि फार अवघड मराठी ऐकू येत होतं. लोकांचं लक्ष काळविटाच्या मागे होतं.

"आरं, ही छगनची ज्वारी की."

"पानी कमी पडलंय."

"लावतो कुठं पानी? गडी मिरजगावात असतोय."

पडद्यावर काळविटाने अशी एक झेप घेतली की शहरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. बोरटेकाने त्या झेपेखालचा बांध बघितला आणि तो कोणी किती कोरला आहे यावर बारीक आवाजात चर्चा सुरू केली. संस्कृती कोपऱ्यात ओठ चावत उभी होती.

शेवटी मात्र एक दृश्य आलं. सांजेचा उजेड, दगडी डोण, आणि पाण्यावर झुकलेल्या माना. एक हरिणी पिता पिता थांबली, तिने सरळ पडद्याबाहेर बघितलं आणि पुन्हा पिऊ लागली. तिच्या घशाची हालचाल दिसत होती. तेवढा वेळ समाजमंदिरात कोणी बोललं नाही, ताडपत्रीही कोणी उचलली नाही. आपल्याच गावात हे रोज होतं आणि आपण कधी बघितलं नाही, असं काहीतरी त्या शांततेत होतं. बनुबाईने मात्र मान खाली घातली होती, कारण पडद्याच्या कडेला तिच्या ओट्याचा कोपरा आणि हिरव्या लुगड्याचा चतकोर तुकडा दिसत होता.

ताडपत्र्या निघाल्या, चहा फिरला, चिठ्ठ्यांची टोपली फिरली. पहिला मान सरपंचांचा. आप्पासाहेबांनी टोपलीत बघितलं आणि अपेक्षेप्रमाणे गुलाबी चिठ्ठी उचलली.

छगनला गांडूळ निघालं. तो उठून म्हणाला, "मी गांडूळ. माझं काय म्हननं न्हाई," आणि खाली बसला. संस्कृतीने त्याला गोंजारून विचारलं, रासायनिक खताचा त्रास होत असेल ना? छगनने विचार केला. त्रास होतो, म्हणाला, पण खत मीच टाकतो. यावर हशा पिकला. एसटीतून निवृत्त झालेल्या भीमराज कंडक्टरला लिंब निघाला. त्याने फार शांतपणे सांगितलं, की माझ्या अंगात आजवर सव्वीस खिळे ठोकले गेले आणि प्रत्येक खिळ्यावर कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाचा फलक होता. लोकांनी सरपंचांकडे बघितलं. आप्पासाहेब छताकडे बघत होते.

मग ते उठले. टोपी सारखी केली. काळवीट म्हणून बोलायचं तर समोर विरोधी बाजू कोणाची आहे, असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं. विरोधी बाजूशिवाय त्यांना कंठच फुटत नसे. बनुबाई उभी राहिली. हातातली चिठ्ठी उघडून दाखवली.

"मी माणूस," ती म्हणाली.

सगळ्या सभेत कुजबुज झाली. बनुबाई चारचौघांत बोलते हेच कोणी आजवर बघितलं नव्हतं. पण तिला भाषण करायचं नव्हतंच, ऐकलेलं तेवढं परत म्हणायचं होतं. तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि म्हटलं, की अंगणातली डोण माणसाला फोडायची आहे, कारण ती गाडीच्या वाटेत येते.

आप्पासाहेबांना समोर प्रतिपक्ष दिसला आणि त्यांच्या अंगात आलं. "वाटंत?" ते म्हणाले. "गाडी आली काल. डोण तुमच्या आजेसासऱ्याच्या हातची, अन् आमची वाट त्याच्या आधीची. मंग कोन कुनाच्या वाटंत आलं?"

टाळ्या पडल्या. बनुबाईने दुसरा मुद्दा काढला, की बैल राहिले नाहीत, आता डोण कोणासाठी?

"बैल तुमी इकले. तहान इकता येत न्हाई."

यावर भीमराज कंडक्टरनेही टाळी वाजवली. कल्याणची लेखणी सरसर चालली होती. त्याने मान वर करून विचारलं, साहेब, हे इतिवृत्तात घ्यायचं का? आप्पासाहेब आता भरात होते. सगळं लिहा, म्हणाले, एक अक्षर सोडू नका. बनुबाईने तिसरा मुद्दा मांडला. वनखात्याला पगार मिळतो, हरणांनी तिकडे जावं.

"पगार मानसाचा, खुर्ची मानसाची, अर्ज मानसाचा. आमी अर्ज कुठं करायचा? सही येत न्हाई, अन् अंगठ्याच्या जागी खूर हाय."

समाजमंदिर दणाणून गेलं. छगन तर हसता हसता शेजाऱ्याच्या अंगावर पडला. आप्पासाहेबांनी हात वर करून शांतता केली, पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

बनुबाईला तो क्षण दिसला. त्यांनी आधी हातातल्या गुलाबी चिठ्ठीकडे बघितलं, मग कल्याणच्या वहीकडे, मग तिच्याकडे. तिन्ही मुद्दे आपलेच होते, आपल्याच तोंडचे, हे त्यांना उमगलं होतं. आता ते हसून एवढंच म्हणाले असते, की पुरे झाला हा पोरखेळ, तर सगळं मुसळ केरात गेलं असतं आणि उद्या जेसीबी आलाच असता. पण मग वादात माघार कोणी घेतली, हे शंभर माणसांनी बघितलं असतं. डोण जाऊ द्यायची की वाद? आप्पासाहेबांनी घाम पुसला, पुन्हा टोपी सारखी केली, आणि त्यांच्या मिशीत एक बारीक हसू उमटलं. ते हसू बनुबाईला अजिबात आवडलं नाही.

"मानसा, शेवटचं इचारतो," ते म्हणाले. काळवीट म्हणून उभे होते, त्यामुळे भावजयीला अरे-तुरे करायची सोय चाळीस वर्षांत पहिल्यांदा मिळाली होती. "रोज सकाळी बांधावर हुबा राहून तू आमाला शिव्या घालतो. सारं गाव ऐकतं. मंग सांजच्याला ओट्यावर बसून आमची वाट का बघतो?"

बनुबाईला वाटलं, अंगावरचं लुगडं कोणी ओढलं. या प्रश्नाचं उत्तर तिने तयार केलेलं नव्हतं. हा प्रश्न कोणी विचारील असंच तिला वाटलं नव्हतं.

"तुला काय ठावं?" ती कशीबशी म्हणाली.

"हरनाला समदं दिसतं."

लोक हसले. पण बनुबाई हसली नाही म्हणून मागची माणसं थांबली, मग पुढचीही थांबली. तिला वाटलं बसून घ्यावं. आपण हरायलाच उभ्या होतो, हरलो, काम झालं. पण प्रश्न तसाच उभा होता, आणि एवढं सगळं दुसऱ्याच्या तोंडचं बोलल्यावर तिला एक तरी वाक्य आपलं बोलावंसं वाटलं.

"दिस मावळला की घर खायला उठतं," ती म्हणाली. "ह्यांना जाऊन सा वर्सं झाली. पोरगा लांब हाय, त्याचंबी बराबर हाय. मी बोलायचं कुनाशी? तुमी येता, पानी पिता, जाता. कुनीतरी घरी येऊन गेलं असं वाटतं. हरभरा खाता त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. पन एखाद दिशी आला न्हाई तर मला भाकर गिळत न्हाई."

आणि ती खाली बसली.

टाळ्या वाजल्या नाहीत. भीमराज कंडक्टर आपल्या चपलांकडे बघू लागला. संस्कृतीने चष्मा काढून ओढणीने पुसला आणि तो परत डोळ्यांवर लावायचं विसरली. आप्पासाहेब उभेच होते. आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद त्यांनी जिंकला होता आणि त्या जिंकण्याचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. टोपीवर एकदा हात गेला, खिशात गेला, पुन्हा टोपीवर गेला.

शेवटी कल्याणनेच घसा खाकरला. ठराव घ्यायचा तर सूचक आणि अनुमोदक लागतात, म्हणाला.

"सूचक मी," आप्पासाहेब म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "काळविटाची बाजू मान्य. लिवा."

अनुमोदन द्यायला छगनने हात वर केला. त्यानंतर सगळेच हात वर आले. कल्याण हा नियमाने चालणारा माणूस. ज्याने जी भूमिका घेतली ती नोंदवली पाहिजे, असा त्याने आपल्या मनाशी निर्णय केला. त्यामुळे बोरटेक ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात आजही असं वाचायला मिळतं, की सदर दगडी डोण पाडण्यात येऊ नये व ती दररोज भरण्यात यावी. सूचक, काळवीट (सरपंच). अनुमोदक, गांडूळ (छगन). ठराव सर्वानुमते मंजूर. त्याच्याखाली पुढचा विषय आहे, गटारीचा. संस्कृतीला शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला लावून दोन मिनिटं धरतीचा श्वास ऐकवायचा होता, पण गटारीचा विषय निघाल्यावर ते काही जमलं नाही.

घरी जाताना आप्पासाहेबांनी भावजयीला गाडीत बसवलं. एरवी ती मागे बसायची, आज त्यांनी पुढचं दार उघडलं. गाडी वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागली.

"फशिवलं तुमी मला, वैनी."

"मी कुठं, भावजी? जिकलात तर तुमी."

आप्पासाहेबांनी गिअर बदलला. जिंकलो खरं, म्हणाले. थोड्या वेळाने बनुबाईने मनातलं विचारलं, की मी सांजेला ओट्यावर बसते हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या पोरीच्या सिनेमात दिसलं का? आप्पासाहेबांनी नुसता आरसा सारखा केला. अंगणात आल्यावर त्यांनी पाच वेळा पुढे-मागे करून गाडी वळवली आणि मुकाट्याने घरात गेले. आपण दुखावलं की काय, असं बनुबाईला वाटलं. गावासमोर आपण उघड्या पडलो याचंही तिला आता वाईट वाटू लागलं होतं. डोण राहिली, पण उद्यापासून ओट्यावर बसलं की सारं गाव हसणार, या विचाराने तिला रडू आलं.

तरी तिने बादल्या ओतल्या. ऊन कलल्यावर ओट्यावर जाऊन भिंतीला पाठ लावली. मोबाईलचा आवाज बंद करून तो मांडीवर ठेवला, कारण मागे एकदा ऐन वेळी रामचा फोन वाजला होता आणि कळप उधळून गेला होता.

हरणं आली. त्यांना ग्रामसभेचं काही कळलेलं नव्हतं. आधी एक मादी, मग दोन, मग तो काळा नर, मागून एक पाडस. बनुबाईने बोटांवर मोजलं, पाच. रोज पाचच असत. पाणी पिताना होणारा बारीक आवाज तिच्यापर्यंत येत होता, आणि तिचा जीव हळूहळू जागेवर येत होता.

तेवढ्यात मांडीवरचा मोबाईल थरथरला. तिने न हलता बघितलं. आप्पासाहेबांचा फोन होता. घर तीस पावलांवर, आणि फोन कशाला? तिने तो अलगद कानाला लावला.

"वैनी," आप्पासाहेब कुजबुजत होते, "तुमी पाच मोजले असतील. सा हायेत."

बनुबाईने नजर तेवढी वर केली. बंगल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, एक पांढरी टोपी दिसली. या वस्तीवर एकटं जेवायला बसणाऱ्या आपण एकट्याच नाही, हे तिला कधी सुचलं नव्हतं. जाऊबाई मुलीकडे नाशिकला जाऊन राहिली, त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

"कुठं हाय?" तिने श्वासाएवढ्या आवाजात विचारलं.

"चिंचंच्या आड. म्हातारं हाय, समद्यांचं झालं की मंग येतं. तवर तुमी उठून आत जाता. मला रोज दिसतं. डोण फोडतो म्हनून बसलो, अन् बोललेलं मागं घ्यायची सवय न्हाई."

पाच हरणं डोणीवरून बाजूला झाली. चिंचेच्या सावलीतून सहावं पुढे आलं, एक शिंग मोडलेलं, चालीत लंगडणारं. त्याने डोणीत मान घातली. बनुबाईला काहीतरी म्हणायचं होतं, पण हरणं बुजली असती. म्हातारं काळवीट सावकाश पाणी पीत राहिलं, आणि ते माळावर चढून दिसेनासं होईपर्यंत दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही.